वाचाल तर चालाल

मंद्रूपहून भीमेच्या दिशेने गेले की हत्तरसंग कुडल लागते. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे ठिकाण. भीमा आणि सीना या दोन नद्यांचा संगम येथे होतो. संगमावरच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा, एक शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासून लोकांपुढे आणला. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्याच्या शेवटी मराठीत जे कोरले आहे, त्याचा आशय असा सांगितला जातो, की हे जो वाचील तो विजयी होईल.

हजार वर्षांपूर्वी आमच्या भागात कुणीतरी वाचनाचा आणि विजयाचा असा संबंध जोडून ठेवला. त्याच्याही चारशे वर्षे आधी हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर जो पहिला संदेश अवतरला, त्याचा पहिला शब्दच 'इक्रा' होता, म्हणजे वाच. वाचनाने माणूस शहाणा होतो, हे आपण सगळेच मानतो. पण वाचनाने माणूस पहाटे अंथरूण सोडून चालायला लागतो का? घाम गाळायला लागतो का? हा प्रश्न आमच्या घरात निव्वळ चर्चेचा राहिला नाही, म्हणून हा लेख.

अब्बांचा पाय

आमच्या अब्बांना साखरेचा आजार आहे, हे कळून बरीच वर्षे झाली. गोळी चालू होती, पथ्य अर्धेमुर्धे होते, चालणे मुळीच नव्हते. एकदा शेतात पायाला खडा टोचला. जखम झाली, पण दुखले नाही, म्हणून कुणी पाहिली नाही. साखरेच्या रुग्णाच्या पायाची जाणीव हळूहळू कमी होते. दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच धोका वाढत जातो. हे आम्हाला कळले तेव्हा उशीर झाला होता. सोलापूरला नेऊन उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

डॉक्टरांनी आम्हा भावांकडे पाहून एवढेच विचारले, "तुम्ही तपासलं का कधी?" तपासले. दोघांची साखर वाढलेली निघाली, मोठ्या भाबींचीही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पेपरात वाचताना तो आकडा दुसऱ्यांचा वाटला होता. आता त्यातली चार माणसे एका ताटावर जेवत होती.

मग ठरले की रोज चालायचे. ठरवण्यात आम्ही कधीच कमी पडलो नाही. रमजाननंतर ठरले, बकरी ईदनंतर ठरले, नव्या वर्षाला ठरले. बूट आणले. पहिल्या आठवड्यात चार दिवस, दुसऱ्यात दोन दिवस, मग ऊसतोड आली, मग एक लग्न आले, मग बुटांवर धूळ बसली. जोश यावा म्हणून मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ पाहायला लागलो. रात्री बारा वाजेपर्यंत पिळदार शरीराची पोरे पाहायची आणि त्या जागरणामुळे पहाटे उठायचे नाही, असा तो उद्योग होता. त्या व्हिडिओत तीन महिन्यांत पोट गायब झालेले दिसते, त्या तीन महिन्यांतला एकही कंटाळवाणा मंगळवार दिसत नाही. आणि आमचे घोडे अडत होते ते नेमके त्या मंगळवारीच.

एक पुस्तक घरात आले

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शाळेने मुलांना घरी न्यायला पुस्तके दिली. आमची पुतणी खाशाबा जाधवांचे चरित्र घेऊन आली.

आमचे घर असे, की घरात दखनी, शाळेत मराठी, बाजारात निम्मे कन्नड. अब्बा उर्दू वाचतात, मराठी अडखळत. अम्मींना वाचता येत नाही. त्यामुळे पुस्तक घरात आले तरी ते एकट्या मुलीचेच राहिले असते. पण पाय बरा होईपर्यंत अब्बा ओट्यावर बसून कंटाळलेले. फजरनंतर त्यांनी तिला म्हटले, "मोठ्यानं वाच, मलाही ऐकू दे."

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले आणि सहावे आले. मातीत कुस्ती खेळलेला गडी, तिथे कुस्ती मॅटवर. घरी परतून त्यांनी पुन्हा चार वर्षे मेहनत केली. १९५२च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी मागितली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले, असे सांगितले जाते. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

वाचता वाचता आम्हीही ओट्यावर जमलो. तिसऱ्या दिवशी अब्बांनी एक नियम काढला. म्हणाले, "मला चालता येत नाही. तुम्हाला येतं. जो चालून येईल त्यालाच पुढचं ऐकायला मिळेल. बाकीच्यांनी आत जावं."

नियम हसण्यावारी निघाला, पण टिकला. लंडनहून परतलेल्या खाशाबांचे पुढे काय झाले, हे ऐकायचे तर अर्धा तास चालून यावे लागे. वर्षभर जे बूट आणि व्हिडिओ यांना जमले नव्हते, ते एका शालेय पुस्तकाने आणि अब्बांच्या अटीने जमवले.

आपल्याच घरात असलेले वाचन

खाशाबा संपले, आता पुढे काय, हा प्रश्न आला. तेव्हा ध्यानात आले, की शरीर सांभाळण्याची प्रेरणा देणारे वाचन आमच्या घरात आधीपासूनच होते. आम्ही ते सवाबसाठी वाचत होतो, पायांसाठी वाचत नव्हतो.

कुरआनच्या सूरह बकरामध्ये (२:२४७) तालूत यांची हकीकत आहे. बनी इस्राईलच्या लोकांना राजा हवा होता. तालूत यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांनी कुरकुर केली, की याच्याकडे तर संपत्ती नाही. त्यावर प्रेषितांनी त्यांना सांगितले, की अल्लाहने तालूत यांना ज्ञान आणि शरीर या दोन्हींत अधिक दिले आहे. संपत्तीच्या समोर ठेवलेल्या या दोन गोष्टी आणि त्याही एकत्र. आपण मात्र मुलांची वाटणी करून टाकतो. एक अभ्यासाचा, दुसरा तालमीचा.

हदीसचे ग्रंथ उघडले तर या विषयाचा खजिनाच आहे. सहीह मुस्लिममध्ये आहे, की ताकदवान श्रद्धावान हा दुर्बळ श्रद्धावानापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय आहे, आणि भलाई दोघांतही आहे. हा शेवटचा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. अब्बांसारखा आजारी माणूस त्यात कमी ठरत नाही. पण ज्याला शक्य आहे त्याने दुर्बळ राहणे पसंत करू नये. सहीह बुखारीत ह. अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांची गोष्ट येते. ते दिवसभर रोजे आणि रात्रभर नमाज यांत स्वतःला झिजवत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना बजावले, की तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे. हक्क म्हणजे देणे. ते बुडवले तर त्याचा जाब आहे.

तिर्मिजीतल्या एका हदीसमध्ये पोटाचा हिशेब सांगितला आहे. पाठ ताठ राहील एवढे चार घास पुरेत, आणि त्याहून जास्त खायचेच असेल तर पोटाचा तिसरा हिस्सा अन्नाला, तिसरा पाण्याला आणि तिसरा श्वासाला. दावतीत बिर्याणीचे तिसरे ताट पुढे येते तेव्हा ही हदीस आठवावी. आम्हाला आजही ती नेहमी वेळेवर आठवते असे नाही, पण पूर्वी मुळीच आठवत नसे.

सर्वांत जास्त वेळा आमच्या ओट्यावर वाचली गेली ती अबू दाऊदमधली शर्यतीची हकीकत. एका प्रवासात प्रेषित (स.) आणि ह. आयेशा (र.) यांनी धावण्याची शर्यत लावली. ह. आयेशा जिंकल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली, तोवर त्यांचे वजन वाढले होते. या वेळी प्रेषित (स.) जिंकले आणि हसून म्हणाले, की आता त्या वेळची फेड झाली. पती-पत्नी धावतात, हरतात, जिंकतात, वजन वाढल्याचेही मोकळेपणी सांगतात. अम्मी हे ऐकून म्हणाल्या, "मग मी चालले तर कोण काय बोलणार आहे?" दुसऱ्या दिवशी त्या चालायला बाहेर पडल्या.

आणि एक हदीस, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत असलेली, जिने आमचे ठरवण्याचे वेड कमी केले. अल्लाहला ते काम सर्वाधिक प्रिय, जे थोडे असले तरी सतत केले जाते. आम्ही पूर्वी पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चालत होतो आणि दहाव्या दिवशी शून्य. आता नियम झाला की कमी चाला, पण खाडा करू नका.

एका उस्तादाचे नाव

दीन-धर्माचे वाचन झाले, तसे मराठीतल्या व्यायाम-साहित्याकडे वळलो. तिथे एक नाव भेटले, ते प्रत्येक मराठी मुस्लिम घराला माहीत असावे असे वाटते.

बडोद्यात जुम्मादादा नावाचे एक मुस्लिम उस्ताद होते. त्यांच्या आखाड्यात कुस्ती, मल्लखांब, लाठी हे सारे शिकवले जाई. त्यांचे शिष्य माणिकराव हे मराठी गृहस्थ. उस्तादांच्या मागे आखाडा माणिकरावांनी चालवला, वाढवला, देशभर नावारूपाला आणला. हजारो मुलांनी एका तालावर करायच्या सांघिक कवायतीला त्यांनी आपल्या भाषेतले हुकूम दिले. बडोदा संस्थानात त्यांना 'राजरत्न' म्हणत. पण संस्थेला नाव राहिले ते उस्तादांचे, जुम्मादादा व्यायाम मंदिर. ती संस्था आजही त्याच नावाने ओळखली जाते. हिंदू शिष्याने मुस्लिम गुरूचे नाव दारावर ठेवले आणि ते शंभर वर्षांहून जास्त टिकले. आजच्या दिवसांत आपल्या मुलांना ही गोष्ट मुद्दाम वाचून दाखवावी.

त्याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' काढला. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. दंड, बैठका, कुस्तीचे डाव, मल्लखांब, खेळ, आहार, असा कोणताही विषय त्यांनी सोडला नाही. इंटरनेट नव्हते, तेव्हा खेड्यातल्या तालमीतला मुलगा या खंडांतली छायाचित्रे पाहून डाव शिकू शके. व्यायामावर दहा खंडांचा कोश असलेली आपली भाषा आहे, आणि आपण प्रेरणेसाठी दुसऱ्यांच्या रील्स पाहत बसतो. जुन्या मोठ्या वाचनालयांत या कोशाची चौकशी जरूर करावी.

चरित्रांतले न दिसणारे दिवस

चरित्रे वाचताना आम्हाला एक गोष्ट उमगली. विजयाचे पान एक-दोनदा वाचून सोडले जाते. जी पाने पुन्हा वाचाविशी वाटतात, ती मधल्या वर्षांची असतात.

गामा पहिलवानांचेच पाहा. १९१० साली ते लंडनला गेले. १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्कोशी त्यांची कुस्ती झाली. झिबिस्को जमिनीला चिकटून राहिला आणि अडीच तासांहून जास्त वेळ झुंजून कुस्ती बरोबरीत सुटली. आठ दिवसांनी पुन्हा कुस्ती ठरली, तर तो आलाच नाही. गामांना विजयी घोषित केले गेले. गोष्ट इथे संपली असती. पण जानेवारी १९२८मध्ये पतियाळात दोघे पुन्हा समोरासमोर आले. मध्ये सतरा वर्षे गेली होती आणि गामा पन्नाशीला पोहोचले होते. मिनिटभरात त्यांनी झिबिस्कोला चीत केले. पहिल्या कुस्तीच्या अडीच तासांपेक्षा आणि दुसरीच्या एका मिनिटापेक्षा आम्हाला मधली सतरा वर्षे मोठी वाटतात. त्या वर्षांत कुणी टाळ्या वाजवत नव्हते, तरी बैठका चालू होत्या. पन्नाशीत आता काय व्हायचे, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने गामा वाचावेत.

मुहम्मद अली बारा वर्षांचे असताना त्यांची नवी सायकल चोरीला गेली. तक्रार करायला ते ज्या पोलिसाकडे गेले, तो जो मार्टिन मुलांना बॉक्सिंगही शिकवत असे. चोराला झोडपण्याआधी लढायला तर शिक, असे त्याने सुचवले, आणि तिथून सुरुवात झाली. १९६० साली रोमला ऑलिम्पिक सुवर्ण, १९६४ साली जगज्जेतेपद. १९६७ साली व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला म्हणून पदवी गेली, साडेतीन वर्षे खेळ गेला. १९७४ साली किन्शासात फोरमनला हरवून त्यांनी पदवी परत घेतली. त्यांची दोन पुस्तके महत्त्वाची आहेत. 'द ग्रेटेस्ट' हे १९७५चे आत्मचरित्र, आणि २००४ साली मुलगी हाना हिच्यासह लिहिलेले 'द सोल ऑफ अ बटरफ्लाय'. तोवर कंपवाताने त्यांचे हात थरथरत होते, बोलणे मंदावले होते. शरीराचा राजा असलेला माणूस शरीर साथ सोडते तेव्हा कशाच्या आधारावर उभा राहतो, हे त्या दुसऱ्या पुस्तकात आहे. कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने ते मोबाइलवर इंग्रजीत वाचून आम्हाला आमच्या भाषेत सांगितले. सर्वांत लक्षपूर्वक ऐकले ते अब्बांनी.

मुलींसाठी निखत झरीनची गोष्ट घ्या. निजामाबादची मुलगी, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारची. वडील मुहम्मद जमील अहमद स्वतः खेळाडू. त्यांनी मुलीला मैदानावर नेले आणि लोकांच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. २०११ साली ती कनिष्ठ गटात जगज्जेती झाली. पुढे खांद्याची दुखापत, शस्त्रक्रिया, संघाबाहेरचे दिवस. २०२२ साली इस्तंबूलमध्ये आणि २०२३ साली दिल्लीत ती जगज्जेती झाली. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मात्र पदकाविना परतली. अशी अपुरी गोष्टही मुलांना जरूर सांगावी. हरणे म्हणजे संपणे नव्हे, हे त्यातूनच कळते.

अमेरिकेच्या इब्तिहाज मुहम्मदने हिजाब घालून तलवारबाजी केली आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये संघासह कांस्यपदक मिळवले. हा खेळ निवडण्याचे एक साधे कारण होते: त्याच्या पोशाखात अंग पूर्ण झाकलेले असते. तिचे 'प्राऊड' हे आत्मकथन २०१८ साली आले. सानिया मिर्झाचे 'एस अगेन्स्ट ऑड्स' २०१६चे. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी ही दोन्ही पुस्तके वाचावीत आणि घरच्यांना सांगावीत.

बायकांनी कुठे चालावे?

इथे एक खरे सांगितले पाहिजे. पुरुष उठून रस्त्याला लागतो. घरातल्या बाईला आधी चूल, डबे, पाणी, आणि त्यातून वेळ काढला तरी चालायला जागा कुठे? सोलापूर-विजापूर महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक. गावात चालावे तर "काय भाबी, कुठं निघालात?" हा प्रश्न. प्रेरणेची कितीही पुस्तके वाचली तरी हा अडथळा पुस्तकाने हटत नाही. तो घरातल्या पुरुषांनी हटवावा लागतो.

आमच्याकडे असे झाले. पहाटेचा चहा आणि मुलांचे डबे आम्ही भावांनी आठवड्यातून चार दिवस अंगावर घेतले. भाकरी आमच्याच्याने जमली नाही, पोहे जमले. अम्मी, भाबी आणि शेजारच्या दोघीजणी मिळून शेताच्या वाटेने जातात. चौघी असल्या की कुणी विचारत नाही. पावसात गच्चीवर फेऱ्या होतात. मार्च-एप्रिलपासून ऊन चढले की सोलापूरकडचा उन्हाळा सहा-सातच्या पुढे चालू देत नाही, तेव्हा फजरनंतर लगेच निघावे लागते. प्रेषित (स.) यांनी बरोबरच्या लोकांना पुढे जायला सांगून मग शर्यत लावली होती, असेही त्या हदीसच्या एका कथनात येते. पत्नीला मोकळेपणी धावता यावे अशी सोय त्यांनी स्वतः केली. आपणही तेवढे करावे.

कसे वाचावे

एवढ्या महिन्यांत ठेचा खाऊन जे समजले, ते वाचकांसाठी थोडक्यात देतो.

१. वाचनाला वेळ बांधून द्या, आणि ती चालण्याला चिकटवा. आमच्याकडे चालून आल्यावर चहाबरोबर दहा मिनिटे. आधी वाचन ठेवले की चालणे राहून जाते, हे अनुभवाने सांगतो.

२. मोठ्याने वाचा. एक वाचतो आणि सगळे ऐकतात. ज्याला अक्षर येत नाही तोही सामील होतो, आणि मुलांचे वाचन सुधारते ते वेगळेच.

३. गोष्ट अर्ध्यावर थांबवा. उद्यासाठी काही उरले पाहिजे.

४. झटपट चमत्काराचे वाचन टाळा. पंधरा दिवसांत दहा किलो, अमुक पावडर, तमुक काढा, असले काही असले की पान उलटा. वर्षे, हार, दुखापत यांचा हिशेब देणारे पुस्तक निवडा.

५. एक वही ठेवा. तारीख, किती मिनिटे चाललो, काय वाचले. आमची वही अब्बा उर्दूत लिहितात. ज्याचा खाडा, त्याच्या नावापुढे फुली. ती फुली डॉक्टरांच्या धाकापेक्षा जास्त लागते.

६. पुस्तके विकत घ्यायलाच हवीत असे नाही. शाळेचे ग्रंथालय, गावचे वाचनालय आहे. सोलापूरला काही कामाने गेलात तर हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो; त्यात कुस्तीसारख्या खेळांच्या चांगल्या नोंदी आहेत. मोबाइल हातात असतोच, तर तो यासाठी वापरावा.

आणि एक सावधगिरी. वाचन औषधाच्या जागी येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पण साखर, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखरेच्या रुग्णाने अनवाणी चालू नये, रोज रात्री तळवे आणि बोटांच्या सांदी तपासाव्यात, स्वतःला दिसत नसेल तर मुलांना पाहायला सांगावे. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवावी. चालताना चक्कर, घाम, थरथर आली तर थांबून लगेच खावी. छातीत दुखले तर दवाखाना गाठावा. नमाजमुळे सांधे हलतात, शिस्त लागते, ही मोठी देणगी आहे. पण नमाज ही इबादत आहे, तिच्यावर व्यायामाचा भार टाकून आपण मोकळे होऊ नये.

वही काय सांगते

घरात आम्ही सातजण मोठे. वहीप्रमाणे चारजण नियमित आहेत, दोघे अधूनमधून, एकाने अजून बूटही काढलेले नाहीत. दोघांची साखर आटोक्यात आली, गोळी मात्र चालू आहे. मोठ्या भाबींचे वजन फारसे उतरले नाही, पण जिना चढताना आता दम लागत नाही. हे आकडे कुठल्या व्हिडिओत शोभणारे नाहीत. आम्हाला ते पुरेसे आहेत.

अब्बा आता काठी घेऊन अंगणात दहा फेऱ्या मारतात. त्यांनी स्वतःसाठी घातलेली अटही तीच आहे. फेऱ्या झाल्याशिवाय पुस्तक ऐकायचे नाही. परवा पुतणीला उठायला उशीर झाला, तर ते ओट्यावरून ओरडत होते, "चालून झालं माझं. वाचणारी कुठं आहे?"

वाचकहो, तुमच्या घरातही एखादा असा ओटा असेल, एखादे असे वाट पाहणारे म्हातारे माणूस असेल, एखादे शाळेचे पुस्तक दप्तरात पडलेले असेल. उद्या फजरनंतर सुरुवात करून पाहा. शरीर ही अल्लाहने आपल्याकडे ठेवायला दिलेली अमानत आहे. ती सांभाळण्याची ताकद आणि त्यात सातत्य तो आपल्या सर्वांना देवो. आमीन.